सॉकेटवरून फाइल डिस्क्रिप्टर देताना आणि घेताना: लिनक्सवर क्रमाक्रमाने

कोथरूडला शनिवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जण एकमेकांचा कोड वाचायला बसतो. गेल्या काही महिन्यांत तिघांनी वेगवेगळ्या प्रोजेक्टमधून एकाच कामाचा कोड आणला: युनिक्स डोमेन सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोसेसना बोलायची वाट) एका प्रोसेसने दुसरीला फाइल डिस्क्रिप्टर (थोडक्यात एफडी: उघडलेल्या फाइलसाठी प्रोसेसला मिळणारा आकडा) द्यायचा. तिघांचाही कोड चालत होता आणि तिघांच्याही कोडमध्ये तीच भोकं होती. इकडे पन्नास ओळी, तिकडे पन्नास ओळी लिहिल्या की पहिल्या दहा मिनिटांत एफडी पलीकडे पोचते आणि काम झालं असं वाटतं. मग चार दिवसांनी सर्व्हिस 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणत आडवी होते, किंवा वाचणारी प्रोसेस कधीच न येणाऱ्या शेवटाची वाट बघत लटकून राहते.

म्हणून हे पायरीपायरीने लिहितोय. सगळं लिनक्सपुरतं आहे. फंक्शनची आणि फ्लॅगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये मॅन पेजमधलं (लिनक्ससोबत येणाऱ्या माहितीच्या पानांतलं) स्पेलिंग वापरा. युनिक्स, सीमेसेज आणि रिसीव्हमेसेज ही तीन मॅन पेजं शेजारी उघडी ठेवा.

## हात घालण्याआधी: नेमकं काय पलीकडे जातं

दगडूशेठच्या दर्शनाला गेलात की चपला ठेवून बिल्ला मिळतो. समजा बिल्ला १७ नंबरचा आहे. तोच १७ नंबर सारसबागेच्या स्टँडवर सांगितला तर काहीच मिळणार नाही, किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी चपला हातात येतील. एफडीचा आकडा म्हणजे हा बिल्ला. तो फक्त त्या प्रोसेसच्या तक्त्यात खरा. त्यामुळे '१७' हा आकडा नुसता बाइट म्हणून पाठवून उपयोग नाही, आणि अजूनही कुणी ना कुणी तसं करून बघतंच.

एससीएम राइट्स प्रकारचा कंट्रोल मेसेज (साध्या बाइटसोबत जाणारी जोडमाहिती) पाठवला की कर्नल त्या उघड्या फाइलसाठी पलीकडच्या प्रोसेसच्या तक्त्यात नवा बिल्ला फाडतं. आकडा वेगळा, चपला त्याच. 'चपला त्याच' यातून बरंच काही निघतं:

- वाचण्या-लिहिण्याची जागा, म्हणजे ऑफसेट, दोघींत एकच. एकीने १०० बाइट वाचले की दुसरीचीही जागा १०० ने सरकते.
- नॉनब्लॉक आणि अपेंड हे फ्लॅग दोघींत एकच. एकीने बदलले की दुसरीचेही बदलले.
- क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेकने नवा प्रोग्रॅम सुरू होताना एफडी आपोआप बंद करणारा) हा फ्लॅग मात्र बिल्ल्याचा आहे, चपलांचा नाही. तो सोबत जात नाही.
- परवानगी तपासली गेली ती फाइल उघडताना. घेणाऱ्या प्रोसेसला ती फाइल स्वतः उघडता आली नसती, तरी मिळालेल्या एफडीवरून वाचता येतं.

सावध: 'रीड-ओन्ली उघडून दिली, आता ती लिहू शकणार नाही' हा भरवसा अर्धवट आहे. घेणारी प्रोसेस प्रॉक-सेल्फ-एफडी या वाटेने तीच फाइल पुन्हा उघडू शकते. तेव्हा फाइलची स्वतःची परवानगी तपासली जाते, पण ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची नाही. बंद फोल्डरमध्ये सगळ्यांना लिहिता येईल अशी फाइल ठेवून तिची एफडी दिलीत, तर लिहिण्याचाही रस्ता दिलात.

## टप्पा १: बंद कोण करणार ते आधी लिहून काढा

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच येतात. एडिटर उघडण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा.

1. कुठल्या मेसेजसोबत किती एफडी येणार. 'एक किंवा अधिक' असं नको, नक्की आकडा हवा.
2. प्रत्येक एफडी कशाची असणार: साधी फाइल, पाइपचं वाचायचं टोक, लिसन करणारं सॉकेट, मेमएफडी (फक्त मेमरीत असलेली फाइल).
3. पाठवल्यावर पाठवणारीने स्वतःची प्रत बंद करायची की ठेवायची.
4. मेसेज चुकीचा निघाला तर सोबत आलेल्या एफडींचं काय करायचं. याचं उत्तर नेहमी एकच असतं: सगळ्या बंद.

तिसऱ्या मुद्द्यावर आमच्यात दर वेळी वाद होतो. माझं मत ठाम आहे: ठेवायचं ठोस कारण नसेल तर पाठवली की बंद करायची. दोन्हीकडे उघडी राहिलेली एफडी म्हणजे सोसायटीतल्या दोन घरांत एकाच गाडीची किल्ली. गाडी कुठे गेली हे मग दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

सॉकेटचा प्रकारही इथेच ठरवा. स्ट्रीम सॉकेटमध्ये मेसेजच्या सीमा राहत नाहीत. समजा आधी चार साधे बाइट पाठवले, मग एफडीसोबत एक बाइट, मग पुन्हा चार साधे बाइट. घेणारीने २० बाइटचा बफर दिला तर लिनक्सवर पहिल्या रिसीव्हमेसेजमध्ये पाच बाइट आणि एफडी येते, उरलेले चार पुढच्या वेळी. म्हणजे एफडी पहिल्या चार बाइटच्या मेसेजची की पाचव्या बाइटची, हे तुमच्या पार्सरला कळत नाही. सीक्वेन्स्ड पॅकेट प्रकारचं सॉकेट घेतलंत तर एक पाठवणं म्हणजे एक घेणं, आणि हा प्रश्नच उरत नाही. नव्या कामाला मी दुसरं काही वापरत नाही.

## टप्पा २: सॉकेट आणि पलीकडचा माणूस

पालक आणि मूल अशा दोनच प्रोसेस असतील तर सॉकेटपेअर वापरा. त्याला पत्ता नसतो, त्यामुळे तिसरं कुणी येऊन जोडलं जायचा प्रश्न नाही.

नाव असलेलं सॉकेट लागणार असेल तर ते स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरची परवानगी ७०० करा. टेम्प फोल्डरमध्ये मोकळं ठेवू नका. पत्त्याला लिनक्सवर १०८ बाइटची जागा असते. खोल फोल्डरमधला लांबलचक पाथ त्यात बसत नाही.

सावध: शून्य बाइटने सुरू होणारा ॲब्स्ट्रॅक्ट पत्ता सोयीचा वाटतो, कारण फाइल पुसावी लागत नाही. पण फाइलच नाही म्हणून फाइलची परवानगीही नाही. त्याच नेटवर्क नेमस्पेसमधल्या कुठल्याही प्रोसेसला त्याच्याशी जोडलं जाता येतं.

कनेक्शन घेतल्यावर पहिलं काम म्हणजे एसओ पीअरक्रेड विचारणं. त्यातून पलीकडच्याचा युजर आयडी, ग्रुप आयडी आणि प्रोसेस आयडी मिळतो. युजर आयडीवर निर्णय घ्या. प्रोसेस आयडीवर घेऊ नका, कारण ती प्रोसेस संपून तोच आकडा दुसरीला मिळालेला असू शकतो. शिवाय ही माहिती कनेक्ट केलं त्या क्षणाची असते. कनेक्ट झालेलं सॉकेटसुद्धा एक एफडीच आहे, तेही पुढे तिसऱ्याला देता येतं. आज बोलणारी प्रोसेस तीच आहे याची हमी पीअरक्रेड देत नाही.

## टप्पा ३: द्यायची एफडी तयार करा

ऑफसेट. फाइल पलीकडे वाचायची असेल तर तुम्ही आधी हेडर वाचून बघितलं नाही ना, हे पाहा. वाचलं असेल तर सुरुवातीला परत न्या. त्याहून बरं म्हणजे दोन्हीकडे प्रीड वापरा, म्हणजे ऑफसेटवर कुणीच अवलंबून राहत नाही.

नॉनब्लॉक. लिसन करणारं सॉकेट जुन्या प्रोसेसकडून नवीकडे देऊन, कनेक्शन न तोडता सर्व्हिस बदलायची ही नेहमीची गरज. एचएप्रॉक्सी रीलोड करताना हेच करतं. पूर्वी हिंजवडीत नोकरीला होतो, तिथे आम्हीही असंच काही लिहिलं होतं. नव्या प्रोसेसच्या सुरुवातीच्या कोडने मिळालेल्या सॉकेटवरचा नॉनब्लॉक काढला. फ्लॅग सामायिक, त्यामुळे जुन्या प्रोसेसचा इव्हेंट लूप ॲक्सेप्टमध्ये जाऊन अडकला आणि तिच्या हातातली चालू कनेक्शनं गोठली. बग आम्ही दोन रात्री नव्या प्रोसेसमध्ये शोधत होतो, कारण बदल तिच्यात झाला होता. लक्षण मात्र जुनीत दिसत होतं. हा फ्लॅग कुणी बदलायचा नाही, हे टप्पा १ च्या कागदावर लिहा.

ईपोल (कुठल्या एफडीवर काही घडलं ते सांगणारी लिनक्सची सोय). देऊन बंद करायची एफडी तुमच्या ईपोलमध्ये नोंदवलेली असेल तर आधी नोंद काढा, मग बंद करा. एरवी एफडी बंद केली की ईपोलमधून आपोआप निघते, अशी आपल्याला सवय असते. ती निघते शेवटची प्रत बंद झाल्यावर, आणि इथे एक प्रत पलीकडे जिवंत असते. मग तुमचा ईपोल तुमच्याकडे नसलेल्या एफडीचे इव्हेंट देत राहतो आणि नोंद काढायला आकडाही उरत नाही.

फोल्डरची एफडी. क्रूट किंवा सँडबॉक्समधल्या, म्हणजे मुद्दाम कोंडून ठेवलेल्या, प्रोसेसला बाहेरच्या फोल्डरची एफडी देऊ नका. त्या एफडीवरून ती बाहेर पडू शकते. एकच फाइल हवी असेल तर ती फाइल उघडून द्या.

मेमएफडी. मोठा डेटा द्यायचा असेल तर मेमएफडी तयार करताना सीलिंगची परवानगी मागा, डेटा लिहा आणि मग सील, म्हणजे पुढचे बदल रोखणारी कुलपं, लावा: श्रिंक (लहान करणं), ग्रो (मोठं करणं), राइट (लिहिणं) आणि शेवटी सील (आणखी सील लावणं) हा सील. लिहिता येईल असं सामायिक मॅपिंग उघडं असेल तर राइट सील लागणार नाही, आधी ते काढा.

## टप्पा ४: पाठवणं

1. कंट्रोल बफर युनियनमध्ये ठेवा, म्हणजे तो हेडरच्या अलाइनमेंटवर बसेल. नुसता कॅरेक्टर ॲरे बहुतेक वेळा चालतो, म्हणून ही चूक कळत नाही.
2. बफर पूर्ण शून्य करा.
3. बफरचा आकार सीमेसेज स्पेसने काढा.
4. हेडरमधली लांबी सीमेसेज लेनने काढा. स्पेसने नाही.
5. आकडे मेमकॉपीने भरा.
6. सोबत किमान एक खरा बाइट पाठवा. स्ट्रीमवर नुसता कंट्रोल मेसेज जात नाही.
7. एमएसजी नोसिग्नल लावा, नाहीतर पलीकडचं टोक बंद झाल्यावर सिगपाइप तुमची प्रोसेस मारेल.

चौथी पायरी नीट समजून घ्या. ६४ बिट लिनक्सवर हेडर १६ बाइटचं असतं आणि एक एफडी ४ बाइटची. लेन येते २०, स्पेस येते २४. मधले ४ बाइट भरताड. हेडरमध्ये चुकून २४ लिहिलेत तर कर्नल २४ वजा १६ म्हणजे ८ बाइट, म्हणजे दोन एफडी, असा हिशोब करतं. दुसरी एफडी कुठली? दुसऱ्या पायरीत बफर शून्य केला होता, म्हणजे एफडी शून्य. तुमचं स्टँडर्ड इनपुट पलीकडे गेलं आणि कुठेही एरर आली नाही.

सेंडमेसेजच्या उत्तराचे तीन प्रकार वेगवेगळे हाताळा. 'पुन्हा प्रयत्न करा' अशी एरर आली तर काहीच गेलेलं नाही, सगळं पुन्हा पाठवा. स्ट्रीमवर थोडेच बाइट गेले तर एफडी पहिल्या तुकड्यासोबत गेलेल्या आहेत. उरलेले बाइट कंट्रोल बफर काढून पाठवा, नाहीतर पलीकडे दोन-दोन प्रती पडतील. आणि 'टू मेनी रेफरन्सेस' आली तर याचा अर्थ पाठवलेल्या पण अजून पलीकडे न उचललेल्या एफडी मर्यादेपलीकडे साचल्या आहेत. ही घेणारी बाजू तुंबल्याची खूण आहे, लूपमध्ये पुन्हा पुन्हा पाठवून ती सुटत नाही.

एका मेसेजमध्ये जास्तीत जास्त २५३ एफडी जातात. तेवढ्या पाठवायची वेळ येत असेल तर टप्पा १ कडे परत जा.

## टप्पा ५: पाठवून झाल्यावर

सेंडमेसेज यशस्वी झालं की स्वतःची प्रत लगेच बंद करता येते. पलीकडे अजून उचललेली नसली तरी वाटेतली प्रत कर्नलने धरून ठेवलेली असते. 'पोचल्याची पावती येईपर्यंत थांबू' म्हणून बंद करणं लांबवलं की ते राहून जातं.

पाइपच्या बाबतीत हे जिवावर बेततं. लिहायचं टोक दुसऱ्या प्रोसेसला दिलं, तिने लिहून बंद केलं, पण तुमची प्रत उघडीच राहिली, तर वाचणाऱ्याला शेवट कधीच कळत नाही. शनिवारी आलेल्या तीनपैकी दोन कोडांत नेमकं हेच होतं.

सावध: सॉकेट दिलंत तर तुमची प्रत क्लोजने बंद करा. शटडाउन वापरू नका. क्लोज फक्त तुमचा बिल्ला परत करतं. शटडाउन कनेक्शनच तोडतं, सगळ्यांसाठी.

## टप्पा ६: घेणं

इथे सावकाश चाला.

६.१ घेण्याआधी. डेमन सुरू होताना ०, १, २ हे तीन आकडे बंद करून मोकळे सोडत असेल तर थांबा. कर्नल सगळ्यात लहान रिकामा आकडा देतं. पलीकडून आलेल्या फाइलला २ नंबर मिळाला तर तुमचे सगळे एरर मेसेज त्या फाइलमध्ये लिहिले जातील. हे तीन आकडे नल डिव्हाइसवर उघडे ठेवा.

६.२ क्लोएक्झेक फ्लॅग. रिसीव्हमेसेजला एमएसजी सीमेसेज क्लोएक्झेक हा, आलेल्या एफडीवर क्लोज-ऑन-एक्झेक लावणारा, फ्लॅग द्या. लिनक्स २.६.२३ पासून आहे. आधी घेऊन मग एफसीएनटीएलने फ्लॅग लावला तर मधल्या क्षणी दुसरा थ्रेड फोर्क आणि एक्झेक करून ती एफडी भलत्याच प्रोग्रॅमच्या हाती देऊ शकतो. पायथॉनमध्ये ३.९ पासून सेंड एफडीज आणि रिसीव्ह एफडीज ही तयार फंक्शनं आहेत, तिथेही हा फ्लॅग खरंच लागला आहे याची खात्री करा. शिवाय पायथॉन तुमच्या हातात नुसते पूर्णांक ठेवतं. ते व्हेरिएबल संपलं म्हणून एफडी बंद होत नाही.

६.३ किती आल्या ते मोजा. सगळ्यात जास्त गळती इथून होते. तुम्हाला एक एफडी हवी, म्हणून कंट्रोल बफर सीमेसेज स्पेसने काढला: २४ बाइट. वरचाच हिशोब इथे उलट बाजूने लागतो. हेडर १६, उरले ८, म्हणजे दोन एफडींना जागा. खोडसाळ पाठवणारीने दोन पाठवल्या तर दोन्ही तुमच्या तक्त्यात येतील. काही तुटलं नाही, म्हणून एमएसजी सीट्रंक (कंट्रोल मेसेज कापला गेला) हा इशाराही उठणार नाही. तुमचा कोड पहिली घेतो; दुसरीची कुणालाच खबर नाही. दर मेसेजला एक अशी ती साचत जाते आणि १०२४ ची मर्यादा असेल तर हजारभर मेसेजांत सर्व्हिस बंद पडते. तीन हव्या असतील तर चार बसतात. विषम आकडा आला की ही फट असतेच.

म्हणून क्रम असा:

1. रिसीव्हमेसेज करा. सिग्नलमुळे तुटलं तर पुन्हा करा.
2. पहिल्या हेडरपासून शेवटच्या हेडरपर्यंत सगळे कंट्रोल मेसेज फिरा. पहिलाच बघून थांबू नका.
3. लेव्हल सॉकेटची आणि प्रकार एससीएम राइट्स असेल तिथे लांबीतून हेडर वजा करून चारने भागा. तेवढ्या एफडी आल्या. सगळ्या मेमकॉपीने एका यादीत घ्या.
4. यादी पूर्ण झाल्यावरच बाकीचं तपासा: सीट्रंक आहे का, संख्या अपेक्षेइतकी आहे का, बाइट बरोबर आहेत का.
5. काहीही चुकलं तर यादीतल्या सगळ्या बंद करा आणि कनेक्शन तोडा.

तिसरी आणि चौथी पायरी उलटी झाली की गळती सुरू. 'मेसेज चुकीचा आहे, रिटर्न' ही ओळ यादी भरण्याआधी आली, तर ज्या एफडी तक्त्यात येऊन बसल्या त्यांचे आकडेच तुमच्याकडे नसतात.

६.४ सीट्रंक म्हणजे काय. बफर अपुरा पडला की बसतील तेवढ्या एफडी येतात, उरलेल्या कर्नल बंद करतं आणि सीट्रंक लावतं. आलेल्या मात्र तुमच्याच असतात. दुसरं कारण लोकांना माहीत नसतं: तुमच्या प्रोसेसची उघड्या फाइलींची मर्यादा संपली असेल तरीही हेच होतं. रिसीव्हमेसेज एरर देत नाही. बाइट नीट येतात, एफडी येत नाही, फक्त सीट्रंक दिसतो. एरर कोडची वाट बघणारा कोड इथे फसतो.

६.५ क्रेडेन्शियल मागितले असतील तर. एसओ पासक्रेड चालू केलं की प्रत्येक मेसेजसोबत क्रेडेन्शियलचा कंट्रोल मेसेज येतो, आणि तो एफडींच्या आधी बफरमध्ये बसतो. बफर फक्त एफडींच्या मापाचा ठेवलात तर एफडी तुटतात. दोन्हींची जागा मोजा.

सावध: डोकावून बघायचा एमएसजी पीक हा फ्लॅग अशा सॉकेटवर वापरू नका. कंट्रोल बफर दिलेला असेल तर लिनक्स डोकावतानाही एफडींच्या प्रती देतं, आणि खरं वाचताना पुन्हा देतं.

जिथे एफडी कधीच यायला नको अशा सॉकेटवर साधं रीड किंवा रिसीव्ह वापरा. कंट्रोल बफरच नसेल तर कुणी एफडी पाठवली तरी कर्नल ती तिथल्या तिथे बंद करतं.

## टप्पा ७: आलेली एफडी परक्याची आहे असं धरून तपासा

संख्या बरोबर आली म्हणजे वस्तू बरोबर आली असं नाही. वापराआधी:

1. एफस्टॅटने प्रकार पाहा. साधी फाइल हवी असेल तर साधी फाइलच आहे ना? पाइप किंवा डिव्हाइस असेल तर परत.
2. एफसीएनटीएलने वाचायची की लिहायची ते पाहा.
3. लिसन करणारं सॉकेट हवं असेल तर एसओ ॲक्सेप्टकॉन, एसओ डोमेन, एसओ टाइप विचारा. गेटसॉकनेमने पोर्टही ताडून बघा.
4. मेमएफडी असेल तर आधी सील विचारा, श्रिंक सील आहे याची खात्री करा, मग आकार विचारा, मग मॅप करा.

चौथ्यातला क्रम बदलू नका. आकार आधी घेतला आणि सील नंतर पाहिले तर मधल्या वेळात पलीकडची फाइल आखडू शकते. मॅप केलेल्या भागाखालून फाइल गेली की हात लावताच प्रोसेस मारणारा सिगबस हा सिग्नल येतो. आतला मजकूर तपासून मग वापरणार असाल तर राइट सीलही हवा, नाहीतर तपासलेलं आणि वापरलेलं वेगळं निघेल.

नुसत्या तपासणीने न सुटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली: फ्यूजवरची, म्हणजे एखाद्या साध्या प्रोसेसने चालवलेल्या फाइल सिस्टिमवरची, फाइल एफस्टॅटला साधीच दिसते, पण तिचं रीड पलीकडच्या मर्जीवर असतं आणि तासभरही अडकू शकतं. साध्या फाइलवर नॉनब्लॉकचा उपयोग होत नाही. म्हणून अनोळखी युजरकडून आलेली फाइल मुख्य इव्हेंट लूपमध्ये वाचू नका. वेगळी छोटी प्रोसेस ठेवा, जी अडकली तर मारता येईल.

दुसरी गोष्ट लॉकची. पॉसिक्स रेकॉर्ड लॉक प्रोसेसच्या नावावर असतात, आणि त्या फाइलची कुठलीही एफडी त्या प्रोसेसने बंद केली की त्या फाइलवरचे तिचे सगळे लॉक सुटतात. समजा तुमच्या सर्व्हिसने डेटा फाइलवर असा लॉक धरला आहे. कुणी त्याच फाइलची एफडी पाठवली, तुम्ही शहाण्यासारखी नाकारून बंद केली, आणि तुमचा लॉक गेला. लिनक्स ३.१५ पासून असलेले ओपन फाइल डिस्क्रिप्शन लॉक वापरले तर हे टळतं.

रूटने चालणाऱ्या डेमनसाठी एक आग्रह: परक्याने दिलेल्या एफडीवर स्वतःच्या अधिकारात काही लिहू नका, एरर मेसेजसुद्धा नाही. उत्तर सॉकेटवरून द्या.

## टप्पा ८: चाचणी

स्वतःच्याच पाठवणाऱ्या कोडने घेणारा कोड तपासला तर दोन्हीकडे एकच गैरसमज असतो आणि चाचणी पास होते. वाकडी पाठवणारी वेगळी लिहा. तिने हे करून बघावं:

- एकाऐवजी दोन एफडी, मग २५३.
- एफडी न जोडता नुसता मेसेज.
- बरोबर संख्येत, पण फाइलऐवजी पाइप.
- चुकीचे बाइट आणि सोबत बरोबर एफडी.
- एफडी पाठवून लगेच कनेक्शन बंद.
- सील न लावलेली मेमएफडी, आणि मॅप होत असताना तिला आखडवणं.

प्रत्येक प्रकार हजार वेळा चालवा. आधी आणि नंतर घेणाऱ्या प्रोसेसच्या प्रॉक-एफडी फोल्डरमधल्या नोंदी मोजा. आकडा तंतोतंत तोच हवा. एक-दोनचा फरक 'चालेल' म्हणून सोडू नका. हजार वेळांत एकदा गळणारी वाट म्हणजे बहुतेक एखादा एरर रिटर्न असतो आणि तो शोधणं आजच सोपं आहे.

मग एस-ट्रेस (प्रोसेसचे सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावून सेंडमेसेज आणि रिसीव्हमेसेज एवढेच कॉल बघा. त्यात एससीएम राइट्सच्या पुढे आलेले आकडे दिसतात. प्रत्येक आकड्यापुढे पुढे कुठेतरी त्याचं क्लोज सापडतंय का, ते पेन्सिलने खुणा करत जा. शेवटी यूलिमिटने उघड्या फाइलींची मर्यादा २० वर आणा आणि तीच चाचणी पुन्हा चालवा. या वेळी सर्व्हिसने सीट्रंक पाहून मेसेज नाकारायला हवा, आणि मर्यादा मोकळी झाल्यावर रीस्टार्ट न करता पुन्हा कामाला लागायला हवं.